औषधाच्या दुकानात शिकलेला जर्मन मुलगा ऑस्ट्रेलियाचा सरकारी वनस्पतीतज्ज्ञ कसा काय झाला? (फर्डिनांड फॉन म्युलर)

यारा_काठची

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, बी.फार्म. पुण्यातून केलं आणि आता मेलबर्नमध्ये हॉस्पिटल फार्मसीत काम करते. इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये आमचं नेहमी जाणं असतं आणि तिथे एक नाव सारखं समोर येतं, फर्डिनांड फॉन म्युलर. १८५७ ते १८७३ या बागेचा संचालक, त्याआधी १८५३ पासून व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतीतज्ज्ञ, आणि ते पद मरेपर्यंत म्हणजे १८९६ पर्यंत त्याच्याकडेच. शोधायला गेले तर कळलं की हा माणूस मुळात फार्मासिस्ट! जर्मनीत रोस्टॉकला १८२५ साली जन्म, आईवडील लवकर गेले, पंधराव्या वर्षी औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. एवढं वाचल्यावर माझं डोकं त्यातच अडकलंय.

कारण आपल्याकडे बी.फार्म.ला फार्माकॉग्नॉसीत, म्हणजे औषधी वनस्पती ओळखण्याच्या विषयात, पानं वाळवून कागदावर चिकटवली, जर्नलवर सही घेतली, व्हायव्हाला सर्पगंधा आणि ज्येष्ठमध ओळखला की झालं, नंतर त्या विषयाकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग औषधाच्या दुकानातून निघालेला मुलगा एका आख्ख्या खंडाच्या वनस्पती नोंदवण्यापर्यंत कसा पोचतो? आणि दुसरं म्हणजे ज्याने ही बाग उभी केली त्याला १८७३ मध्ये तिथून काढलं का? इथे लोक थोडक्यात सांगतात की बाग सुंदर नव्हती म्हणून. मला हे पटत नाहीये. कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज लिहा, भारताशी काही संबंध असेल तर तोही.

---

खलबत्ता

ताई, धागा काढलात, फार बरं वाटलं. मी फार्माकॉग्नॉसीच शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी हात घालतो.

त्या काळातलं जर्मन औषधाचं दुकान म्हणजे आजचं मेडिकल स्टोअर नव्हे हे आधी लक्षात घ्या. गोळ्यांची पाकिटं नव्हती. मुळं, साली, फुलं, बिया, राळ असा माल पोत्यातून यायचा नाहीतर आसपासच्या रानातून गोळा करून आणायचा, आणि तो असली आहे की भेसळीचा हे दुकानदाराने डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने ठरवायचं. चुकलात तर रोगी मरणार. म्हणून उमेदवारीला आलेल्या पोराला पहिल्यापासून झाडं ओळखायला लावायचे, रविवारी रानात पाठवायचे, वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह करायला लावायचे, लॅटिन नावं घोकून घ्यायचे. चार-पाच वर्षं असं काढल्यावर त्यातली काही पोरं वनस्पतीशास्त्राच्याच नादी लागायची, आणि जर्मनीत अशी कितीतरी माणसं झाली. रेगेन्सबुर्गला १७९० मध्ये वनस्पतीशास्त्राची संस्था निघाली, या विषयाला वाहिलेली आणि अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी संस्था मानतात ती, तिच्या स्थापनेत पुढे होते डेव्हिड हाइनरिश होप्पे, तेही फार्मासिस्टच. हाम्बुर्गचे ऑटो विल्हेल्म सोंडर आयुष्यभर औषधाचं दुकान चालवत होते आणि त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाचे सहलेखक होते. म्हणजे म्युलरसाहेब हा काही चमत्कार नव्हता, त्या परंपरेतलंच ते एक फळ.

त्यांची उमेदवारी हुसुम नावाच्या गावात झाली, उत्तर समुद्राच्या काठी, श्लेसविगमध्ये. तिथल्या आसपासच्या वनस्पती त्यांनी गोळा केल्या, फार्मसीची परीक्षा पास झाले, मग कील विद्यापीठात प्राध्यापक नोल्टे यांच्या हाताखाली वनस्पतीशास्त्र आणि १८४७ मध्ये डॉक्टरेट. वय बावीस! घरात क्षयाने माणसं गेली होती, उबदार हवेच्या देशात जा असा सल्ला मिळाला म्हणून त्याच वर्षी दोन बहिणींना घेऊन ब्रेमेनहून जहाज पकडलं आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅडलेडला उतरले. तिथे परत एका जर्मन औषधविक्रेत्याकडेच नोकरी. पुढे १८५२ मध्ये मेलबर्नला आले ते सोनं सापडल्यामुळे तिकडे माणसांची रीघ लागली होती त्या दिवसांत, आणि तेव्हाही मनात औषधाचं दुकान टाकायचंच होतं.

तुम्ही म्हणता की जर्नलवर सही घेतली की झालं, ते खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. माझ्या शेवटच्या काही वर्षांत मुलं तयार हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवलेले कागद, विकत आणायची. वनस्पती हातात धरून तिचं पान, देठ, फुलोरा बघितल्याशिवाय औषध कळत नाही असं मी आजही मानतो. म्युलरसाहेबांच्या डोळ्याला जी सवय लागली ती हुसुमच्या त्या दुकानात लागली, विद्यापीठाने तिला फक्त शिस्त लावली.

---

रानभूल

खलबत्ता सर मस्त लिहिलंत. मी पुढचं जोडतो, मी कोल्हापूरकडे फ्लोराचं, म्हणजे तिथल्या वनस्पती नोंदवण्याचं, काम करतो त्यामुळे म्युलरचं नाव वेगळ्याच कारणाने रोज दिसतं. कुठल्याही ऑस्ट्रेलियन झाडाचं शास्त्रीय नाव काढा, बऱ्याचदा शेवटी एफ. म्युएल. असं लिहिलेलं असतं, म्हणजे नाव ह्याने दिलंय. जगातलं सगळ्यात उंच फुलझाड, युकॅलिप्टस रेग्नान्स, टास्मानियात शंभर मीटरच्या घरात पोचलेलं झाड आहे त्याचं, ते नाव १८७१ मध्ये म्युलरने दिलं. ड्रायफ्रूटच्या दुकानात आता जो महागडा मॅकाडेमिया नट मिळतो त्या प्रजातीचं नाव पण त्याचंच, १८५७ साली, मेलबर्नच्या जॉन मॅकॅडम या मित्राच्या नावावरून. अर्थात क्वीन्सलँडचे आदिवासी लोक हे फळ त्याच्या हजारो वर्षं आधीपासून खात होते हे विसरून चालणार नाही.

पण मला जे सांगायचंय ते त्याच्या फिरण्याबद्दल. १८५३ ला गव्हर्नर ला ट्रोबने नेमणूक दिली आणि हा बसला नाही ऑफिसात. लगेच व्हिक्टोरियाच्या डोंगरात गेला, बफेलो, बुलर, पुढच्या वर्षांत फेदरटॉप, हॉथम, जिथे तोपर्यंत वनस्पती गोळा करायला कोणी गेलंच नव्हतं, बहुतेक वेळा एकटा नाहीतर एखादा सोबती आणि घोडे, खायचे हाल, थंडी, आणि तरी वाळवण्याचे कागद कोरडे ठेवायचे. ज्यांनी पावसाळ्यात आंबोलीत नमुने वाळवलेत त्यांनाच कळेल हे काय काम आहे, बुरशी लागली की आठवड्याची मेहनत गेली. मग १८५५-५६ ला ऑगस्टस ग्रेगरीच्या उत्तर ऑस्ट्रेलिया मोहिमेत वनस्पतीतज्ज्ञ म्हणून गेला, बोटीने पार उत्तरेतल्या व्हिक्टोरिया नदीपर्यंत आणि तिथून जमिनीवरून कार्पेंटारियाच्या आखाताच्या दक्षिणेने पार ब्रिस्बेनपर्यंत. नकाशा उघडून बघा हे अंतर, आणि घोड्यावर!

आणि हे सगळं करून ऑस्ट्रेलियाचा पहिला पूर्ण वनस्पतीग्रंथ त्याला लिहायला मिळाला नाही. हे मला फार लागतं. तो ग्रंथ लिहिला इंग्लंडमध्ये क्यूच्या वनस्पती उद्यानात बसून जॉर्ज बेंथम या वनस्पतीतज्ज्ञाने, ज्याने ऑस्ट्रेलिया कधी पाहिलंही नाही. सात खंड, १८६३ ते १८७८, आठ हजारांवर वनस्पती. क्यूच्या लोकांचं म्हणणं होतं की जुने मूळ नमुने युरोपात आहेत, ते न बघता हे काम होणार नाही, म्युलरने इकडे यावं. तो गेला नाही. मग त्याने काय करावं? रुसून बसला नाही, मेलबर्नचा सगळा संग्रह एकेका कुळाप्रमाणे खोक्यांत भरून जहाजाने क्यूला पाठवत राहिला, बेंथम तपासून परत पाठवायचा, असं पंधराएक वर्षं. मुखपृष्ठावर म्युलरचं नाव आलं ते सहाय्यक म्हणून. याचा एक फायदा मात्र असा झाला की बेंथमने तपासलेले नमुने मेलबर्नला परत आले आणि आजही तिथे आहेत, आपल्याला इथल्या कितीतरी वनस्पतींचे मूळ नमुने बघायचे तर क्यू नाहीतर एडिनबरा गाठावं लागतं, निदान फोटो मागवावे लागतात.

---

यारा_काठची

बापरे, खलबत्ता सर, रानभूल, दोघांचे मनापासून आभार. बेंथमचं माहीत नव्हतं. मला एक विचारायचंय, एवढे नमुने एकट्याने गोळा करणं शक्यच नाही ना, मग बाकीचे कुठून आले? आणि बागेचं कोणीच लिहिलं नाही अजून.

---

हिरवळ

बागेचं मी लिहिते. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, नाशिकला, आणि माझं मत इथल्या इतरांपेक्षा वेगळं असेल.

म्युलरने ती बाग वैज्ञानिक बाग म्हणून चालवली. झाडं ओळीत, कुळाप्रमाणे, पाइनची भरपूर लागवड, पाट्या, बियाणं, रोपं बाहेरगावी पाठवणं, हेच सगळं त्याच्या लेखी महत्त्वाचं. पण मेलबर्न तोवर सोन्याने श्रीमंत झालेलं शहर होतं, लोकांना संध्याकाळी फिरायला हिरवळ, कारंजी, पुतळे, फुलांचे ताटवे हवे होते. वर्तमानपत्रांत टीका व्हायला लागली, १८७१ ला चौकशी समिती बसली आणि १८७३ ला संचालकपद काढून घेतलं. जागी आला विल्यम गिलफॉइल, नर्सरीच्या घराण्यातला माणूस. त्याने पुढची पस्तीसेक वर्षं ती बाग घडवली, मोठी हिरवळ, वळणावळणाच्या वाटा, तळी, १८७६ ला बांधलेला तो ज्वालामुखीसारखा दिसणारा पाण्याचा साठा. आज जगभरातले लोक जी बाग बघायला येतात आणि यारा_काठची ताई तुम्ही जिथे फिरता ती गिलफॉइलची रचना आहे. आणि ती खरोखर अप्रतिम आहे, आम्हाला शिकवताना तिची उदाहरणं दाखवतात.

त्यामुळे म्युलरवर अन्याय झाला हे मला अर्धंच मान्य आहे. सार्वजनिक पैशाने चालणारी बाग लोकांसाठी पण असायला हवी. संशोधन आणि बाग या दोन गोष्टींना दोन वेगळी माणसं लागतात, आणि वेगळी केली तेच दोन्हींच्या भल्याचं झालं असं मला वाटतं.

---

रानभूल

हिरवळ ताई, रचनेबद्दल तुमचं बरोबर असेल, पण वेगळं करण्याची पद्धत बघा ना. सरकारी वनस्पतीतज्ज्ञ हे पद आणि पगार ठेवला पण बागेतलं राहतं घर गेलं, प्रयोगशाळा गेली, हाताखालची माणसं गेली, रोपवाटिका गेली. ज्या माणसाचं काम म्हणजे बी लावायचं, उगवतंय का बघायचं, त्याच्याकडे एक वाफासुद्धा राहिला नाही. म्हणतात की त्यानंतर तो त्या बागेत परत कधी पाऊल टाकायला गेला नाही, भाड्याच्या खोल्यांत राहिला, लग्न दोनदा ठरून मोडलेलं, संसार नाही, उरलेली तेवीस वर्षं कागदपत्रांत आणि नमुन्यांत. आणि काम थांबलं का? १८५८ पासून लॅटिनमध्ये चालवलेलं त्याचं नवीन वनस्पतींच्या वर्णनांचं प्रकाशन १८८२ पर्यंत चालू, १८७९ ते ८४ मध्ये युकॅलिप्टसवर सचित्र ग्रंथ दहा भागांत, शंभर जातींचा. संशोधन वेगळं केल्याने भलं झालं असं नाही म्हणता येणार, ते टिकलं त्याच्या जिद्दीवर.

---

हिरवळ

हे मान्य. वाफा काढून घ्यायला नको होता, निदान एक कोपरा प्रयोगासाठी ठेवता आला असता. गिलफॉइलच्या रचनेला त्याने काही बाधा आली नसती. आणि हे पण सांगते की म्युलरच्या काळात लावलेली मोठी झाडं गिलफॉइलने जमेल तशी हलवून, जमेल तशी जागेवर ठेवून वापरली, ती आयती उभी होती म्हणून त्याला इतक्या लवकर ते रूप आणता आलं. हे श्रेय म्युलरला द्यायला हवं आणि ते सहसा कोणी देत नाही.

---

मीठगर

नमुने कुठून आले या प्रश्नावर. हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

म्युलर पत्रं लिहायचा. अशी तशी नाही, आयुष्यभरात हजारोंनी, जर्मन इंग्रजी लॅटिन फ्रेंच, जगातल्या वनस्पतीतज्ज्ञांना तर लिहायचाच पण ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या तरी आडगावचा पोस्टमास्तर, शाळामास्तर, मेंढपाळ, तारऑफिसातला कारकून, मिशनरी, यांनाही. तुमच्याकडे काय उगवतं ते वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि पोस्टाने पाठवा, कसं वाळवायचं ते असं असं. आलेल्या प्रत्येकाला उत्तर, नमुन्याचं नाव कळवायचा, आणि खरंच नवीन काही निघालं तर त्या पाठवणाऱ्याचं नाव वनस्पतीला द्यायचा. विचार करा, शंभर कोसात दुसरं घर नाही अशा जागी राहणाऱ्या माणसाला मेलबर्नच्या बॅरनचं, म्हणजे म्युलरचं, पत्र येतंय आणि त्यात लिहिलंय की तुम्ही पाठवलेलं झाड शास्त्राला माहीत नव्हतं. त्यानंतर तो माणूस आयुष्यभर झाडं पाठवणारच की.

आणि यात बायका आणि मुली होत्या, दोनशेहून जास्त! १९ व्या शतकात, जेव्हा विद्यापीठाचे दरवाजे त्यांना बंद होते तेव्हा. लुइझा अ‍ॅटकिन्सन ही त्यातली एक, लेखिका होती, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधून नमुने पाठवायची, तिच्या नावाने म्युलरने एक प्रजातीच केली, अ‍ॅटकिन्सोनिया. बाकी कित्येक जणी म्हणजे शेतकऱ्याच्या बायका, दीपगृहात किंवा तारऑफिसात राहणाऱ्या कुटुंबांतल्या मुली. आदिवासी लोकांनीही झाडं दाखवली, आणून दिली, पण त्यांची नावं चिठ्ठ्यांवर क्वचितच आली आणि ही त्या सगळ्या व्यवहारातली मोठी उणीव आहे, ती झाकायचं कारण नाही.

यातून जे जमलं ते आज व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय हर्बेरियममध्ये आहे, एकूण पंधरा लाखांच्या आसपास नमुने. खलबत्ता सरांनी ज्या सोंडरचा उल्लेख केला ना, हाम्बुर्गचा तो फार्मासिस्ट, त्याचा प्रचंड खासगी संग्रह पण १८८३ मध्ये म्युलरनेच मेलबर्नसाठी मिळवला, दक्षिण आफ्रिका, युरोप, अमेरिका सगळीकडचे नमुने. म्हणजे एका जर्मन औषधवाल्याचं आयुष्यभराचं काम दुसऱ्या जर्मन औषधवाल्याने सांभाळलं. स्वतःच्या पगारातलं बरंच शोधमोहिमांवर आणि पुस्तकांवर घातलं त्याने. अर्नेस्ट जाइल्स या शोधप्रवाशाच्या मध्य ऑस्ट्रेलियातल्या मोहिमेला त्याचा पाठिंबा होता. १८७२ ला जाइल्सला एक मोठं खारं सरोवर आणि लांबवर लाल खडकांचे घुमट दिसले, त्याला दोन्हींना म्युलरचं नाव द्यायचं होतं, म्युलरने ते वळवलं आणि स्पेनचा राजा अमाडेउस आणि वुर्टेमबेर्गची राणी ओल्गा यांची नावं दिली, त्या दोन्ही दरबारांनी त्याचा सन्मान केला होता म्हणून. तेच माउंट ओल्गा म्हणजे आताचं काटा ट्युटा. बॅरन ही पदवीही वुर्टेमबेर्गच्याच राजाची, १८७१ ची.

---

सुबाभूळ_नको

सगळे कौतुक करताय, करायलाच हवं, पण दुसरी बाजू पण येऊ द्या. मी वनविभागाशी संबंधित कामात आयुष्य काढलंय, परदेशी झाडं आणि त्यांनी रानाचं काय केलं हे डोळ्यासमोर बघितलंय, घाणेरी रानमोडी किती पसरली ते कुठल्याही घाटात उतरून बघा. म्युलर हा झाडं इकडून तिकडे नेण्याच्या चळवळीतला अगदी पुढचा माणूस होता. १८६१ ला व्हिक्टोरियात परदेशी प्राणी आणि वनस्पती आणून रुजवण्यासाठी जी सोसायटी निघाली त्यात तो होता. डोंगरात फिरताना ओढ्याच्या काठाने ब्लॅकबेरीचं बी टाकत जायचा, उद्देश चांगला, वाटसरूला खायला मिळावं. आज ब्लॅकबेरी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातल्या सगळ्यात त्रासदायक तणांपैकी एक आहे, ओढेच्या ओढे काट्यांनी बुजलेत, दरवर्षी तिच्यावर खर्च चालू आहे. म्युलरने एकट्याने हे केलं असं नाही, इतरांनीही लावली, पण त्याचा हात त्यात आहे.

आणि युकॅलिप्टस. त्यातल्या निळ्या गम (ब्लू गम) या जातीचं बी त्याने जगभर वाटलं, प्रॉस्पर रॅमेल नावाच्या फ्रेंच माणसाने ते अल्जीरिया आणि दक्षिण युरोपात नेलं. तेव्हा लोकांचा समज होता की मलेरिया दलदलीच्या वाईट हवेने होतो आणि या झाडाचा वास ती हवा शुद्ध करतो. रोमजवळ त्रे फोंताने नावाच्या मठातल्या साधूंनी १८७० च्या आसपास ती लावली. आता हे झाड पाणी भरपूर ओढतं, त्यामुळे काही ठिकाणी दलदल कमी झाली असेल, पण वासाचा काही संबंध नव्हता, ते १८९७ ला रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासात मलेरियाचा परोपजीवी दाखवला तेव्हा स्पष्ट झालं. म्युलर त्याच्या आदल्या वर्षीच वारला.

भारताचं विचारलंत म्हणून, निलगिरी डोंगरात युकॅलिप्टस त्याच्या आधीच, १८४३ ला आला, ते त्याच्या डोक्यावर घालू नका. पण कोणत्या उष्ण कटिबंधाबाहेरच्या वनस्पती कुठे लावता येतील, त्यांचा उपयोग काय, यावर त्याने १८७६ मध्ये जो जाडजूड कोशासारखा ग्रंथ काढला त्याची खास भारतीय आवृत्ती १८८० ला कलकत्त्यात छापली गेली. ब्रिटिश अधिकारी आणि चहाकॉफीच्या मळेवाल्यांसाठी. त्यामुळे त्याचा विचार इथे पोचला हे नक्की. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणात शेताच्या बांधांवर आणि पडीक जमिनीवर जी निलगिरी लावली, विहिरींच्या पाण्यावरून जे वाद झाले, ते सगळं त्या एका कल्पनेचंच पुढचं टोक आहे की उपयोगी झाड कुठूनही आणून कुठेही लावावं.

---

खलबत्ता

सुबाभूळ साहेब, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो यायलाच हवा होता. एक मात्र जोडतो. त्याच माणसाने जंगलतोडीविरुद्धही सातत्याने लिहिलं, झाडं तोडली की झरे आटतात, माती वाहून जाते, सरकारने जंगलं राखायला हवीत असं सोन्याच्या खाणींसाठी रान साफ करणाऱ्या वसाहतीला तो सांगत होता. ब्लॅकबेरी टाकणारा आणि रान वाचवा म्हणणारा माणूस एकच होता. औषधवाल्याची नजर अशी असते की प्रत्येक वनस्पतीचा काहीतरी उपयोग आहे, आणि तीच नजर त्याचं बळ पण होती आणि मर्यादा पण.

युकॅलिप्टसच्या तेलाचंही बघा. मेलबर्नजवळच्या रिचमंडमध्ये जोसेफ बोसिस्टो नावाचा इंग्लंडहून आलेला फार्मासिस्ट होता, त्याला म्युलरसाहेबांनी या पानांतलं तेल काढायला उत्तेजन दिलं आणि त्याने १८५० च्या दशकात डॅन्डेनाँग भागात ऊर्ध्वपातन सुरू केलं. सर्दीला वाफाऱ्यात आपण दोन थेंब टाकतो त्या तेलाचा व्यापारी धंदा तिथून उभा राहिला.

---

कढीपत्ता_प्रेमी

भारताचा संबंध हवाय ना, मग म्युलरच्या शंभर वर्षं आधीचा दुसरा औषधवाला सांगतो. योहान गेरहार्ड कोनिग. बाल्टिक प्रदेशातला जर्मन, जन्म १७२८, आजच्या लॅटव्हियात. हाही आधी औषधाच्या दुकानात उमेदवार, मग डेन्मार्क स्वीडनकडे औषधं बनवण्याचं काम, मग थेट लिनियसचा, म्हणजे वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाचा, शिष्य. १७६८ च्या सुमारास तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ट्रांकेबारला, म्हणजे तरंगमबाडीला, डॅनिश मिशनमध्ये वैद्य म्हणून आला. पगार अपुरा पडायला लागला म्हणून १७७४ ला अर्काटच्या नवाबाकडे निसर्गतज्ज्ञ म्हणून गेला, १७७८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे, सयाम आणि मलाक्कापर्यंत फिरला, आणि १७८५ मध्ये आंध्रात काकीनाडाजवळ वारला. पुढे भारतीय वनस्पतीशास्त्राचा जनक म्हणतात त्या रॉक्सबर्गचा त्याच्याशी चांगला संबंध होता, शेवटच्या आजारात रॉक्सबर्गनेच उपचार केले. कोनिगने आपली कागदपत्रं जोसेफ बँक्स या इंग्रज निसर्गतज्ज्ञाला देऊन टाकली.

भारतात लिनियसची नामपद्धती वापरून काम सुरू करणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. आपल्या रोजच्या फोडणीतल्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात कोनिगी आहे ते त्याच्या नावावरून, लिनियसनेच दिलेलं. किती जणांना माहीत आहे हे? पुस्तक त्याच्या नावावर मोठं असं नाही, त्याने गोळा केलेलं दुसऱ्यांनी छापलं. म्युलर निदान बॅरन झाला, त्याच्या नावाचं वनस्पतीशास्त्राचं नियतकालिक मेलबर्नहून निघतं, कोनिग मात्र आपल्याकडे पार विसरला गेलाय. कुणीतरी याच्यावर मराठीत स्वतंत्र लिहायला हवं.

---

यारा_काठची

मी एक प्रश्न विचारला आणि तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत. हिरवळ ताई, आता बाग बघताना दोघंही दिसतील, ओळीतली झाडं लावणारा आणि त्यांच्यातून वाट काढणारा. ब्लॅकबेरीचं वाचून वाईट वाटलं, इथे ट्रेकला गेलं की ते काटे असतातच.

मीठगर, म्युलरच्या पत्रव्यवहाराचा प्रकल्प मी शोधला, पत्रं इंग्रजी भाषांतरासह ऑनलाइन टाकली आहेत, आणि मी बसून वाचायला सुरुवात केलीये. सेंट किल्डाच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे, तिथेही जाऊन येणार. खलबत्ता सर, तुम्हाला एक विचारायचं राहिलं, माझी भाची पुण्यात बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला शीट विकत आणू नको असं सांगितलं तर ती म्हणते मग शिकू कुठे, कॉलेजात बाग नावापुरती आहे. काय सांगू?

---

खलबत्ता

तिला सांगा, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, १९५५ पासून, तिथे महाराष्ट्र गोव्यातल्या वनस्पतींचं मोठं हर्बेरियम आहे. कॉलेजकडून पत्र घेऊन रीतसर परवानगी मागितली तर विद्यार्थ्यांना बघू देतात. आधी तिथे जाऊन एखादी ओळखीची वनस्पती, समजा अडुळसा, तिची जुनी शीट बघायची, चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, उंची, फुलाचा रंग काय काय लिहिलंय ते वहीत उतरवायचं. फुलाचा रंग वाळल्यावर जातो म्हणून तो चिठ्ठीवर लिहावाच लागतो हे तेव्हा कळेल. मग घराजवळच्या टेकडीवरून स्वतः एक फांदी आणायची, फूल आणि फळ दोन्ही असलेली, वर्तमानपत्रात दाबायची, पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलायचा. पहिल्या पाच शीट खराब होतील, होऊ द्या. आणि सहावी झाली की फोटो इथे टाकायला सांगा, ओळखायला आम्ही आहोतच.